नॉर्मल की सिझर?

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला आपाचा फोन आला. तिच्या मुलीला मुलगी झाली होती. मी मुबारकबाद दिली, बाळाचं वजन विचारलं आणि तिसरा प्रश्न आपोआप तोंडून गेला, "नॉर्मल की सिझर?" आपा क्षणभर थांबली आणि आवाज खाली करून म्हणाली, "सिझर करना पडा." जणू पोरीच्या हातून काही चूक झाली होती आणि ती आईने कबूल करायची होती.

फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. मी स्वतः दोन सिझरची बाई. पहिलं 2006 साली, दुसरं 2010 साली. हा प्रश्न मला दवाखान्याच्या पायरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय आणि दर वेळी तो मला टोचलाय. तरी मीही तोच विचारला. भाची कशी आहे, काही खाल्लं का, बोलते आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. उर्दूत जच्चा आणि बच्चा हे शब्द जोडीने येतात, मी वर्गात तसेच शिकवते. पण बातमी आली की आपण बच्चाचं वजन विचारतो आणि जच्चाचा निकाल.

पाचव्या दिवशी रात्री दोन वाजता भाचीचा व्हॉइस मेसेज आला. मागे बाळ रडत होतं. ती कुजबुजत म्हणत होती, "खाला, सगळे म्हणतात तुला कुठे काय सोसावं लागलं, झोपलीस आणि बाळ हातात आलं. मग मला इतकं का दुखतंय?"

या मुलीने आधी चौदा तास कळा दिल्या होत्या. त्यानंतर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून तिला टेबलावर घेतलं. म्हणजे तिच्या वाट्याला कळाही आल्या आणि ऑपरेशनही आलं. मोजताना मात्र लोकांनी दोन्ही वजा केलं.

आमच्या घरांतल्या जुन्या बायका सिझरला "बडा ऑपरेशन" म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो खरा आहे. आधी कातडी कापतात, मग त्याखालची चरबी, मग स्नायूंवरचं चिवट आवरण. स्नायू बाजूला सारतात, पोटाचं आतलं अस्तर उघडतात आणि शेवटी गर्भाशय कापतात. बाळ आणि वार बाहेर काढून गर्भाशयापासून कातडीपर्यंत परत शिवत यायचं. बाहेरून दिसतो तो फक्त वीतभर टाका. माझ्या दिराचं काही वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते महिनाभर पलंगावर होते. कुणी त्यांना पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही, भेटायला येणारे सफरचंदं घेऊन आले आणि "आराम करो भाई" म्हणून गेले. मी त्यांच्यावर रागावत नाही, हर्नियात आराम लागतोच. पण त्या महिन्यात त्यांना दर दोन तासांनी उठून कुणाला दूध पाजायचं नव्हतं.

माझ्या पहिल्या वेळी आम्ही सोलापुरात राहत होतो, अजूनही राहतो. नवरा तेव्हा पुण्यात नोकरीला होता. बाळाचे ठोके कमी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो एसटीत होता, टेंभुर्णीच्या आसपास कुठेतरी, आणि फोन लागत नव्हता. सिस्टरने कागद आणला आणि मिस्टरांची सही हवी म्हणाली. मी म्हटलं, द्या, मी करते. मी शुद्धीत होते, सव्वीस वर्षांची होते, बीएड झालेली होते. पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या करून माझा हात दुखायचा. पण तो कागद माझ्या हातात कुणी दिला नाही. सासरे सही करायला घाबरत होते, सुनेचं काही बरंवाईट झालं तर तिच्या माहेरी काय तोंड दाखवायचं म्हणून. चाळीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनीच सही केली. मुलगा सुखरूप आहे, आता मिशा राखतोय. पण ती चाळीस मिनिटं मी विसरलेली नाही.

पुढे 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या संमतीबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. ते प्रकरण बाळंतपणाचं नव्हतं. भुलीखाली असलेल्या एका बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढून टाकलं होतं. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची, तिच्या वतीने आईचीही चालत नाही. तरी परवा भाचीच्या वेळीही "मिस्टर कुठे आहेत?" हा पुकारा झालाच. जावई दारातच उभे होते म्हणून निभावलं. माझं म्हणणं एवढंच, की नववा महिना लागला की बाईने घरात आणि डॉक्टरांकडे आधीच सांगून ठेवावं: माझी सही मी करणार.

ऑपरेशनची मला भीती वाटली, पण ते दुखलं नाही. कमरेत सुई देतात, पाय आपले राहत नाहीत, पोटात कुणी कपाट हलवल्यासारखं ओढाताणीचं जाणवतं. थंडी भरून दात वाजतात. दुखणं सुरू होतं नंतर, भूल उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, "चला, उठा." मला वाटलं ती दुसऱ्या कुणाला म्हणते आहे. पण उठवतात ते बरोबरच असतं, पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. ती सिस्टर वयस्क होती, बोलायला फटकळ. तिनेच शिकवलं की सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा देत उठायचं. खोकला किंवा हसू आलं तर उशी पोटावर दाबून धरायची. बाळ मांडीवर आडवं न घेता बगलेत धरून पाजायचं, त्याचे पाय पाठीमागे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. आणि दिवसभर सगळं खानदान एकाच खबरेची वाट बघत होतं, ती म्हणजे गॅस पास झाला का. वॉर्डबॉयने हा प्रश्न माझ्या सासऱ्यांसमोर विचारला तेव्हा मला जमीन दुभंगून हवी होती.

दवाखान्याचं हे झालं. घराचं वेगळं.

घरी आल्यावर मला पाणी बंद झालं. बंद म्हणजे दिवसातून तीन-चार घोट, तेही कोमट. पाणी प्यायलं की टाके पिकतात, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. भाताने पू होतो, डाळीने वायू होतो, बटाट्याने पोट सुटतं. उरली ज्वारीची कडक भाकरी आणि लसूण. एप्रिलचं सोलापूर, बेचाळीस अंश, दूध पाजणारी बाई आणि पाणी बंद. दूध कमी येतं म्हणून पुन्हा मलाच दोष, "सिझरवालीला दूध कुठून येणार!" शौचाला जोर द्यायला लागला की टाके तुटतात की काय असं वाटायचं. बाराव्या दिवशी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी सासूबाईंसमोरच झापलं. दिवसभर भरपूर पाणी, डाळ, भात, पालेभाजी, अंडी, मटण, सगळं खायचं. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती हवेतून येत नाहीत, म्हणाल्या. सासूबाई गप्प. परत येताना रिक्षात त्यांनी स्वतःहून शहाळं घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या सासूने त्यांना जे केलं होतं तेच त्या प्रेमाने माझ्यावर करत होत्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आईची यखनी आणि हरीरा आणि शेजारच्या लिंगायत काकूंचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, असं सगळं एकाच स्टुलावर येऊन बसलं.

पाण्याच्या गोष्टीवर मला नेहमी हजरत मरियम आठवतात. कुराणात त्यांच्या बाळंतपणाचा प्रसंग आहे. कळा असह्य होऊन त्या खजुराच्या झाडापाशी येतात आणि याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणतात. त्यावर त्यांना कुणी नाशुक्री म्हणत नाही. पायाशी झरा वाहतोय, झाड हलव, ताजा खजूर पडेल, खा आणि पी, असं सांगितलं जातं. हा प्रसंग आमच्याकडे मिलादमध्ये, बयानमध्ये कितीदा ऐकवला जातो. ऐकून घरी येणाऱ्या बायका सुनेच्या हातातला तांब्या काढून घेतात.

चिल्ल्याबद्दलही बोलायला हवं. चाळीस दिवसांचा चिल्ला म्हणजे मागासपणा, असं शिकलेल्या मुली म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. बाळंतपणानंतरचं रक्त जाईपर्यंत नमाज माफ आहे, रोजे नंतर पूर्ण करायची मुभा आहे. हनफी मसलकात याची जास्तीत जास्त मर्यादा चाळीस दिवस, आमच्या कोकणातल्या शाफई मंडळींत साठ. रक्त आधी थांबलं तर आधीच गुस्ल करून नमाज सुरू करायची. (सिझरनंतर हे रक्त जात नाही, असं एका चुलत सासूने मला सांगितलं होतं. जातं. गर्भाशय तेच असतं.) आणि डॉक्टरही सहा आठवड्यांनी तपासायला बोलावतात, म्हणजे बेचाळीस दिवस. तोपर्यंत बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणतात. दोन दिवसांचा फरक सोडला तर नानी आणि डॉक्टरबाई एकच सांगताहेत.

भानगड अशी झाली आहे की चिल्ल्यातली बंदी आपण सांभाळली आणि त्यातला आराम हरवला. पूर्वी मोठं घर असायचं, चाळीस दिवस बाळंतिणीला चुलीपाशी जाऊ देत नसत, पण चूल पेटवायला तीन जावा आणि दोन नणंदा असायच्या. आता दोन खोल्यांचं घर. नवरा आठला कामावर जातो, आई पंधरा दिवस राहून परत जाते. बाहेर जायचं नाही, केस धुवायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही, हे सगळं चालू असतं. पण कणिक तीच मळते. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की घागरी, बादल्या, पिंप, सगळं भरून घ्यावं लागतं, आणि पाणी काही चिल्ला पुरा व्हायची वाट बघत नाही. टाक्यांवर ओल्या घागरीचा भार देणारी बाई उंबरठ्याबाहेर गेली नाही म्हणून तिने चिल्ला पाळला असं म्हणायचं का?

तीच गत अकीक्याची. सातव्या दिवशी अकीका करणं उत्तम, हे मान्य. पण चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशीही करता येतो, हे आलिम लोकच सांगतात. सिझर झालेली बाई सातव्या दिवशी धड वाकू शकत नाही. भाचीला त्या दिवशी जरीचा जोडा घालून चार तास बसवलं होतं. ऐंशी माणसं. त्यांतल्या एका खालांनी जाताना दुआ दिली, पुढच्या वेळी अल्ला बेटा देवो. पुढच्या वेळी! गर्भाशयावरचा टाका भरायला वेळ लागतो, दुसऱ्या बाळाआधी दोनेक वर्षं तरी जाऊ द्या असं डॉक्टर सांगतात, आणि दर सिझरमागे पुढच्या गरोदरपणातला धोका वाढत जातो. दुआ देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता कुणी म्हणेल, बाई, सिझर उगाच करतात हे खोटं आहे का? खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बोलके आहेत. 2015-16 मध्ये देशात शंभरांतली 17.2 बाळंतपणं सिझरने होत होती, 2019-21 मध्ये 21.5. महाराष्ट्रात साधारण चारांतलं एक. शेजारच्या तेलंगणात 60.7. आणि मुख्य म्हणजे देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण तेव्हा 14.3 टक्के होतं, खासगीत 47.4. दोन्हीकडच्या बायकांच्या शरीरांत एवढा फरक असू शकत नाही. काही अवघड केसेस खासगीत जात असतील, काही बायका स्वतः मागत असतील, तरी उरतं ते पुष्कळ उरतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली म्हटलं की प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळांचे मृत्यू कमी होत असल्याचं दिसत नाही. त्याच निवेदनात असंही म्हटलं की ठरावीक टक्का गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सिझर मिळालं पाहिजे. आपल्याकडे पहिलं वाक्य फिरतं, दुसरं कुणाला माहीत नसतं.

म्हणून हिशेब मागायचा तर तो दवाखान्याकडे मागा. का करताय, थांबता येईल का, कागदावर कारण लिहून द्या, असं विचारा. त्याऐवजी आपण तो हिशेब टाके घातलेल्या पोरीकडून घेतो, कारण ती पलंगावर आहे, कुठे जाऊ शकत नाही आणि उलट बोलणार नाही.

माझ्या नानीची मोठी बहीण अक्कलकोटकडच्या एका खेड्यात बाळंतपणात गेली. तीन दिवस कळा, बाळ आडवं. बैलगाडीतून सोलापूरला आणताना वाटेतच संपली. नानी सांगायची, लोक म्हणाले ती शहीद झाली, जन्नतमध्ये जाईल. मलाही तसंच वाटतं, बाळंतपणात गेलेल्या बाईचा तो दर्जा आहे. पण त्या बाईला चाळीस मिनिटांचं एक ऑपरेशन मिळालं असतं तर ती घरी आली असती आणि तिला पण कुणीतरी विचारलं असतं, नॉर्मल की सिझर?

एक गोष्ट राहिली, ती माझ्या शाळेतली. तीन वर्षांपूर्वी आठवीतली एक हुशार मुलगी आठ-दहा दिवस आली नाही. निबंधात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. मी घरी गेले. तिच्या आईचं सरकारी दवाखान्यात सिझर होऊन आठवा की नववा दिवस होता. बाई मांडी घालून बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू. ती विड्या वळत होती. आठवीतली मुलगी एका हाताने झोळी हलवत दुसऱ्या हाताने पानं निवडत होती. सरकारने आपलं काम केलं होतं. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत असतं, तिला एक रुपया पडला नव्हता. केंद्राची मातृवंदनेची रक्कम पहिल्या बाळाला मिळते, दुसऱ्याला मुलगी झाली तरच. हे तिचं चौथं. मी म्हटलं, अहो, अजून टाके ओले आहेत. ती हसून म्हणाली, "टीचर, टाके देखूं क्या बच्चों के पेट देखूं?" आणि हसल्यामुळे कळ आली म्हणून पोट धरून बसली. घरात एक उशी होती, ती झोळीत बाळाखाली होती. मुलगी सहामाहीनंतर परत आली, पण मागे पडली ती पडलीच.

भाचीला मी परत मेसेज केला नाही, शनिवारी सरळ तिच्याकडे गेले. तिला म्हटलं, बेटा, दुखतंय कारण पोट थराथराने शिवलंय, रडू येतंय कारण पहिल्या आठवड्यात बहुतेकींना येतं. दोन आठवड्यांनंतरही असंच काळं वाटत राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर नजर उतरवत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. ताप, टाक्यातून पाणी किंवा वास, एकाच पायाला सूज, दम लागणं, तासातासाला कपडा बदलावा लागेल इतकं रक्त, यातलं काही झालं तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. जावई पोराला खांद्यावर घेऊन ऐकत होते. मी त्यांनाही सांगितलं की ढेकर काढायला आणि लंगोट बदलायला टाके लागत नाहीत. ते लाजले, पण त्या रात्री दोनला तेच उठले.

परवा स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावरची आमची एक तरुण सहकारी माझ्याजवळ येऊन बसली. सातवा महिना चालू आहे. मला, म्हणजे कायम शिक्षिकेला, 180 दिवसांची पगारी रजा आहे. 2017 पासून कायद्यात सव्वीस आठवडे आहेत, हे आम्ही दोघींनी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. तिला मात्र घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, न घेतलेल्याचे नाहीत. ती म्हणाली, "मॅडम, नॉर्मल झालं तर मी पंधरा दिवसांत येऊ शकेन ना? फक्त सिझर नको व्हायला." मी तिला अर्ज लिहून दिला, मराठीतून, सहा आठवडे तरी तिची जागा राखून ठेवावी आणि मानधन द्यावं म्हणून. खाली आम्ही नऊ जणींनी सह्या केल्या. मुख्याध्यापकांनी तो संस्थेकडे पाठवला आहे. सतरा दिवस झाले, उत्तर आलेलं नाही.